डोळे काढलेला बटाटा

रतनबाई त्या खोलीत शिरताना आधी दार वाजवायच्या. आत बटाट्यांखेरीज कोणी नसतं, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. तरी कडी वाजवायच्या, घसा खाकरायच्या, डोक्यावरचा पदर सारखा करायच्या आणि मगच पाऊल आत टाकायच्या. पहिल्या आठवड्यात मी वैतागून विचारलं, "अहो, आत काय सासरे बसलेत का तुमचे?"

"उगडी असत्यात ती आत, ताई," त्या म्हणाल्या. "येकदम कसं शिरायचं?"

मी वर्षाराणी. माहेर भोर, सासरही भोर. नावातली राणी नोकरीत कधी कुठे दिसली नाही. शिवऱ्याला हायवेपासून थोडं आत एक खाजगी संशोधन केंद्र आहे, तिथे मी बटाट्याच्या सालीवर काम करते. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. बटाटा कापल्यावर त्याचं पुढे काय होतं, हे हसणाऱ्यांपैकी कुणी पाहिलेलं नसतं, कारण आपण कापला की लगेच कढईत टाकतो.

तो तसाच ओलसर, अंधाऱ्या, वारं खेळत्या जागी ठेवला तर आठवड्याभरात स्वतःची जखम स्वतः भरून काढतो. कापाच्या तोंडाशी असलेल्या पेशी आपल्या भिंतींवर मेणासारखा एक थर चढवतात. त्याला सुबेरिन म्हणतात. आतलं पाणी बाहेर जात नाही, बाहेरची कीड आत येत नाही. वरून हात फिरवला तर नवी तपकिरी साल लागते. हा थर बांधायची कृती बटाट्याच्या जनुकांमध्ये लिहिलेली असते, आणि जनुक सांगेल ते एन्झाइम ते काम करतं. कुणी मेणाच्या लांब साखळ्या तयार करतं, कुणी त्या साखळ्यांना भिंतीशी जोडून देतं. आम्ही काही रोपांमध्ये हे जोडकाम करणारं जनुक बंद केलं होतं. विटा आल्या, चुना आला, पण गवंडीच आला नाही, अशी त्या बटाट्यांची गत झाली. कुणाचं काम काय हे कळायला त्याला रजेवर पाठवून बघावं लागतं, इतकं साधं आहे ते.

पण दिसायला साधं नव्हतं. खोलीत डावीकडे नेहमीच्या बटाट्यांचे ट्रे आणि उजवीकडे या बटाट्यांचे. डावीकडचे चार दिवसांत कोरडे होऊन गप्प बसायचे. उजवीकडचे पाझरत राहायचे. त्यांचा काप ओला, चकचकीत, आणि रोज थोडा आत बसलेला. पुढे ते सुरकुतायचे, काळे पडायचे, पण मिटायचे नाहीत. रतनबाई त्यांना उघडी म्हणायच्या आणि कधीही त्यांच्याकडे पाठ करायच्या नाहीत. ट्रे उचलून मागे मागे सरत दाराबाहेर यायच्या.

त्यांचा भाचा कुंडलिक आमच्याकडे राखणदार होता. त्यानेच त्यांना बटाटे कापायच्या कामावर आणलं. तो म्हणायचा, खोलीत कुणीतरी सुस्कारे सोडतं. मी त्याला झापलं, म्हटलं, "हवेचा पंखा आहे तो, उगाच पोरकटपणा करू नकोस." त्या दिवशी दुपारभर वीज गेलेली होती, हे मला घरी जेवताना आठवलं. घास हातात तसाच राहिला.

रतनबाई मूळच्या वेल्ह्याकडच्या. गुंजवण्याच्या वर, धरणाचं पाणी संपतं त्याच्याही वरच्या अंगाला गवळी धनगरांची एक लहानशी वाडी आहे, तिथल्या. साठीला टेकलेल्या, काटक, बोलायला कमी आणि हसायला त्याहून कमी. जन्म म्हशी आणि शेरडांमागे गेलेला. आठवडाभर शिवऱ्याला कुंडलिकाकडे राहायच्या आणि शनिवारी साखर गावाची यष्टी धरून वर घरी जायच्या. मी कापायला दिलेलं पातं त्यांनी पहिल्याच दिवशी परत केलं आणि घरून विळी आणली. "ह्ये तुमचं ब्लेड मला घाबरं करतंय," म्हणाल्या. विळी प्रयोगात चालत नाही हे पटवायला मला घसा फोडावा लागला. आठवडाभर माझ्याशी अबोला धरला. मग एक दिवस पातं घेऊन मुकाट कापायला बसल्या, आणि आमचं जमलं.

त्यांचे मालक रायबा. मी त्यांना एकदाच केंद्राच्या फाटकावर उभं पाहिलं होतं. उंच, सडसडीत, काठीवर हनुवटी टेकून टेम्पोंची रांग बघत होते, जणू तेही चरायला सोडलेल्या म्हशीच आहेत. बाईंना न्यायला वाडीपासून चालत आले होते. यष्टीत बसलं की गुडघे धरतात म्हणे. त्या वाटेने आमचा एखादा शिपाई चालला असता तर तीन दिवस रजेवर गेला असता.

त्याच पायात फाल्गुनात करवंदीचा खुंट घुसला. टाचेजवळ. रायबांनी त्यावर राख दाबली, फडकं बांधलं आणि म्हशींमागे गेले. रक्तातली साखर वाढलेली आहे हे त्यांना कुठून माहीत असणार? महिन्याभराने भोरला आणलं तेव्हा पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, "गुडघ्याखाली काढावा लागेल. विष वर चढतंय. आठवडाभर औषधांवर रोखून बघतो, त्यापुढे जीव माझ्या हातात नाही."

रायबा खाटेवरून उठून बसले. "मला घरी न्या," म्हणाले. "म्हसरामागं हिंडणाऱ्यानं पाय दिला तर मागं उरलं काय? वाघजाईला इचारू. ती म्हणली भरत न्हाई, तर काडा. पर तिनं म्हणाया पायजे."

वाडीतली ही कौलाची रीत मी रतनबाईंच्या तोंडूनच ऐकली. दुसरीकडे कुठे आहे की नाही, ठाऊक नाही. कुणाची जखम चिघळली की रानातला करांद्याचा कंद खणून आणायचा, जखमी माणसाच्या कोयत्यानेच त्याची एक चकती उडवायची आणि उरलेला करांदा काप वर करून वाघजाईपुढे राखेवर ठेवायचा. वर टोपलं, टोपल्यावर दगड. रविवारी झाकायचा, पुढच्या रविवारी उघडायचा. कापावर साल धरली तर जखम भरणार. ओला राहिला तर नाही. करांद्याच्या जातीलाही जखम भरता येते, तेव्हा या रिवाजाला मी हसले नाही. कुणीतरी कधीतरी नीट बघूनच तो पाडला असणार.

औषधं बरोबर देऊन रायबांना वाडीवर नेलं. पण चैत्रात करांदा कुठला? रायबांची थोरली बहीण आक्काबाई वाडीतली सगळ्यांत जुनी बाई, देवीचं सगळं तीच बघायची. तिने ठरवलं की बटाटा चालेल.

शुक्रवारी दुपारी रतनबाई माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्यांना सवय नव्हती. म्हणाल्या, "ताई, उगड्यातला येक बटाटा द्या मला."

मला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा अंगावर काटा आला. "तुम्ही देवीला फसवणार?"

"व्हय."

"रतनबाई, हे बटाटे खोलीबाहेर न्यायचे नसतात. नियम आहे. एक डोळा जरी मातीत पडून उगवला तर माझी नोकरी जाईल, केंद्राला टाळं लागेल."

"साधा बटाटा ठिवला तर भरनार," त्या म्हणाल्या. "म्या रोज बगती न्हवं का? समदे भरत्यात. मंग ह्ये म्हणनार, देवी बोलली, आन् पाय धरून बसनार. आन् मरनार." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण टेबलाची कड धरलेली बोटं पांढरी झाली होती. "पाप लागू द्या मला. पाय जाऊ द्या. मानूस ऱ्हाऊ द्या, ताई."

मी दिला. चूक म्हणायची तर म्हणा, मी म्हणत नाही. त्या बाईपुढे नियमावली वाचून दाखवायला मी दगडाची नाही. फक्त एक केलं. मातीत पडला तरी उगवू नये म्हणून पात्याच्या टोकाने त्याचे सगळे डोळे खणून काढले. रतनबाईंनी तोंड फिरवलं. "असं नगा करू, आंदळा हुईल त्यो."

"व्हायलाच हवाय," मी म्हटलं. सगळीकडून अंगठा फिरवून पाहिला. एकही डोळा उरला नव्हता, जागोजागी नुसत्या ओल्या खाचा होत्या. कौल झाला की तो मला परत आणून द्यायचा, मी वाफेच्या यंत्रात घालून संपवीन, असं त्यांच्याकडून वदवून घेतलं. त्यांनी तो पदरात बांधला आणि यष्टीला गेल्या.

रविवारी बटाटा झाकला गेला. आक्काबाईने चकती उडवताना विचारलं म्हणे, "ह्याचं डोळं कुटं गेलं?" रतनबाईंनी सांगितलं, कीड होती, काढली. आक्काबाईने पुन्हा एकदा उलटून पालटून पाहिला, मग राखेवर ठेवला. रतनबाईंनी हे मला फोनवर कुजबुजत सांगितलं, आणि आठवडाभर रजा मागितली.

त्या आठवड्यात उजवीकडचे बटाटे मीच कापले. एकाचीही जखम भरली नाही. पातळ काप काढून तांबड्या रंगात बुडवले. तो रंग फक्त मेणाच्या थराला धरतो. डावीकडच्यांत सूक्ष्मदर्शकाखाली लखलखीत तांबडी रेघ उमटली, उजवीकडच्यांत काही नाही. भिंत नव्हतीच, तर रंग धरणार कशाला? वाघजाईपुढचा बटाटाही याच रोपांचा होता. मी निर्धास्त होते.

पुढच्या रविवारी मी स्कूटी काढली. नसरापूर, मार्गासनी, साखर, गुंजवणे. पुढे रस्ता संपतो. बटाटा ताब्यात घ्यायचा आणि रायबांना लगेच भोरला हलवायचं, एवढंच डोक्यात होतं. फोन करून डॉक्टरांना तयार राहायला सांगितलं होतं. वाट चढून वाडीत पोचले तेव्हा ऐन दुपार झाली होती. आमच्याकडे रात्रीपेक्षा या वेळेला जास्त जपतात. ऐन दुपारी राईत जाऊ नये, मागून हाक आली तर ओ देऊ नये, असं लहानपणी आजीने इतकं सांगितलंय की एवढी शिकूनही पाठीचा कणा ते विसरत नाही.

वाघजाईची राई वाडीच्या वर होती, ओढ्यापलीकडे. ओढा कोरडा ठणठणीत. वर चढण, नुसते धोंडे. खाली धरणाचं पाणी पांढरं पडलं होतं आणि डोंगराला कुठेतरी वणवा लागला होता, त्याचा वास येत होता. राईत पाऊल टाकलं आणि एकदम सगळे आवाज थांबले. पाखरू नाही, पान नाही. वाडीतली माणसं वाघजाईच्या शेंदूर फासलेल्या दगडी तांदळ्यापुढे अर्धगोल करून उभी होती, तीही गप्प. रायबांना कुंडलिकाने पाठीवर घेऊन आणलं होतं. दगडावर बसवताना त्यांचा पाय धोंड्याला नुसता टेकला, तर त्या माणसाच्या तोंडून असा आवाज निघाला की बायांनी कान झाकले.

रतनबाई माझ्या शेजारी आल्या. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. "उगडाच असंल न्हवं?" त्यांनी विचारलं.

"उघडाच असणार," मी म्हटलं. "दुसरं काही होऊच शकत नाही."

आक्काबाईने दगड बाजूला केला. टोपलं उचललं.

बटाटा भरला होता. कापाच्या जागी ताणून बसवल्यासारखी तपकिरी, कोरडी, सलग साल. मी गुडघ्यांवर बसून जवळून पाहिलं. असली साल मी हजारो वेळा पाहिलीय, ओळखायला मला कुणाची गरज नाही. आणि मग दुसरी गोष्ट दिसली. त्याला डोळे होते. मी खाचा केल्या होत्या तिथे खाचा नव्हत्या, डोळे होते, आणि समोरच्या एका डोळ्यातून तांबूस कोंब बाहेर डोकावत होता. नेमका आम्हां दोघींच्या दिशेने.

रतनबाई किंचाळल्या. मग खाली कोसळल्या, कपाळ धुळीत घासत ओरडू लागल्या. "आई, चुकले! म्या फशीवलं तुला! भरत न्हाई त्योच बटाटा आनला व्हता म्या, डोळं काडून आनला व्हता! तिनं डोळं दिलं त्याला. बगा, बगतीया ती. माज्याकडंच बगतीया."

आता रतनबाईंना झोडपतील, असं मला वाटलं. मी पुढे झाले. पण कुणी त्यांना शब्दही बोललं नाही. आक्काबाई बटाट्याकडे बघत उभी राहिली आणि हळूहळू तिच्या चेहऱ्यावर आनंद पसरला. तो आनंद मला सगळ्यांत भयंकर वाटला.

"न भरनारा व्हता," ती म्हणाली. "आन् भरला! डोळं काडल्यालं व्हतं, आन् आलं! म्या सोता पायल्यात खाचा. आरं, ह्याच्याहून मोटा कौल कंचा? रायबा, तुजा पाय भरला म्हन!"

भंडारा उधळला गेला. माणसं रायबांच्या पाया पडू लागली, त्या काळ्या पायाच्या. मी ओरडून सांगत होते की कुणीतरी बटाटा बदललाय, दुसरं काही नाही, यांना दवाखान्यात न्या, विष चढतंय. कोण ऐकतंय? मी कालची पोर, आणि समोर डोळे फुटलेला बटाटा. सत्य सांगून रतनबाईंनीच नवऱ्याच्या मरणावर शिक्का मारला होता, आणि ते त्यांना कळतही नव्हतं. त्या दोन्ही हातांनी तोंड झाकून एकच बोलत होत्या, "बगतीया. आता जलमभर बगनार."

रायबा बायकोकडे बघत होते. बराच वेळ. भंडाऱ्याने त्यांचं डोकं पिवळं झालं होतं. मग त्यांनी काठी दगडावर आपटली.

"थांबा रं," ते म्हणाले. "देवी न्हाई नि बिवी न्हाई. बटाटा म्या बदलला."

आक्काबाई म्हणाली, "तू? खाटंवरनं उटाया येत न्हाई तुला."

"बसत बसत आलो. समदी म्हसरं घिऊन गेल्याली तवा. डोळं नसल्याला बटाटा कुनी देवाला आनतं व्हय? आनला तवाच म्या वळाकलं, हिचं कायतरी काळंबेरं हाय. घरातला दुसरा कापून भरवला, त्यो हितं ठिवला, आन् त्यो आंदळा दिला वड्यात फेकून. मला पाय पायजे व्हता."

रतनबाईंनी तोंडावरचे हात काढले. "खोटं बोलताय," त्या म्हणाल्या. "माज्यासाटी खोटं बोलताय तुमी."

रायबा हसले. "येडी का खुळी? देवीनं खरंच सांगितलं आसतं भरंल म्हून, तर म्या पाय दिला आसता व्हय? आँ? आता चोरी गावली माजी, तर कौल गेला आन् पायबी गेला. कुंडलिका, उचल. भोरला चल. आजच काडू." रतनबाई त्यांच्याकडे बघत होत्या. आणि मी पाहिलं, हळूहळू त्यांचे खांदे खाली आले. माणूस बुडता बुडता पायाखाली जमीन लागल्यावर होतं तसं काहीतरी त्यांच्या तोंडावर झालं.

आक्काबाईने संतापाने तो बटाटा उचलला आणि कड्यावरून खाली भिरकावला. मी ओरडले, पण उशीर झाला होता. उतरताना मी ओढ्यात शोधाशोध केली. पाणी नव्हतं, गवत नव्हतं, नुसते उन्हाने तापलेले धोंडे. आंधळा बटाटा कुठेच नव्हता. साळिंदराने नेला असेल, असं स्वतःला बजावून मी खाली आले. बटाटे नाहीतरी साळिंदरांना फार आवडतात.

संध्याकाळ व्हायच्या आत रायबा भोरच्या दवाखान्यात होते. ऑपरेशनची तयारी चालली होती. रतनबाई कुंडलिकाबरोबर चहा आणायला गेल्या आणि मी रायबांच्या खाटेशी बसले. जिवातला जीव परत आला होता. जनुक जनुकाच्या जागी, देवी देवीच्या जागी. मला तर चेव आला होता.

"काय हो रायबा," मी म्हटलं, "मला केवढं घाबरवलंत! माझा आठ वर्षांचा अभ्यास तुम्ही एका बटाट्यात गाडत होता. आणि ती चढण बसत बसत चढलात? या पायाने?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. रतनबाई दिसत नाहीत हे बघून मग माझ्याकडे.

"ताई," ते हळू म्हणाले, "बसत बसत चढाया जमलं आसतं, तर कुंडलिकाच्या पाटीवर कशाला बसलो आसतो?"

मी खाटेजवळ सरकले.

"म्या न्हाई बदलला. म्या तर त्यो बटाटा आज टोपलं उचलल्यावर पयल्यांदा पायला."

"मग कुणी बदलला?"

"कुनी न्हाई. तिनं भरला." दुपार झाली, ऊन पडलं असं सांगावं, तितक्या सहज ते म्हणाले.

"अहो, मग..." मी म्हटलं. "तुम्ही हे खरं मानता, देवीने पाय भरेल म्हणून सांगितलं असं मानता, तर पाय कशाला देताय?"

रायबांनी चादरीखालच्या त्या पायाकडे बघितलं. त्यावर हात फिरवला, म्हशीच्या पाठीवर फिरवावा तसा. "भरला आसता," ते म्हणाले. "तिनं सांगितलंय म्हंजी भरलाच आसता. पर रतनचं काय? जेवताना ते डोळं, निजताना ते डोळं. म्या दोन पायांवर हिंडलो आसतो आन् ती घरात येडी झाली आसती. आता ती म्हनंल, म्हातारं लबाड हाय. म्हनू दे. तिला सांगू नगा, ताई. तुमाला वाघजाईची आन हाय."

वॉर्डबॉय आले. खाट ढकलत नेऊ लागले. दाराशी रतनबाई भेटल्या, हातात चहाचे दोन कप. रायबांनी त्यांना डोळा मारला. साठी उलटलेल्या माणसाने, भर दवाखान्यात.

दार बंद झालं. रतनबाई माझ्याशेजारी बाकावर बसल्या. "काय म्हनत व्हतं ह्ये?"

मला खरं बोलायची सवय आहे. तोंडावर बोलते, म्हणून मला कुणी फारसं बोलावत नाही. मी म्हटलं, "काही नाही. बटाटा कसा बदलला ते सांगत होते. फुशारकी मारत होते."

त्यांनी बंद दाराकडे पाहिलं, आणि मी त्यांना ओळखते तेव्हापासून पहिल्यांदा त्या मोठ्याने हसल्या. "लबाड हाय म्हातारं," म्हणाल्या. "देवीलाबी फशीवत व्हतं." मग एक कप माझ्या हातात दिला आणि दुसरा स्वतः प्यायल्या.